राजर्षी शाहू आणि 1902चा जाहीरनामा

राखीव जागांचा विषय निघाला की आपल्या वर्गात दोन तट पडतात. एक तट मोठ्याने बोलतो आणि दुसरा मान खाली घालून वहीत रेघोट्या ओढत बसतो. मी बहुधा दुसऱ्या तटात असते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील यंत्रमागावर रात्रपाळी करतात. आईला सही येते, पण ती सावकाश, पाटी गिरवल्यासारखी. प्रवेशाच्या वेळी रांगेत मागे उभ्या असलेल्या एका मुलीने, माझे नाव यादीत येणारच, मला कसली काळजी, असे सहज बोलून दाखवले. तिच्या बोलण्यात द्वेष नव्हता. तिला तसे खरेच वाटत होते. मला मात्र उत्तर सुचले नाही. मग ही पद्धत आपल्याकडे कोणी आणली, कशासाठी आणली, एवढे तरी नीट समजून घ्यावे म्हणून ग्रंथालयातून शाहू महाराजांची चरित्रे काढून वाचू लागले. धनंजय कीर यांचे मोठे चरित्र इंग्रजीत असल्याने त्याला दोन महिने लागले.

महाराज जन्माने राजपुत्र नव्हते. कागलच्या घाटगे घराण्यात 26 जून 1874 रोजी त्यांचा जन्म झाला, नाव यशवंतराव. आई राधाबाई ते तीन वर्षांचे असतानाच वारल्या. कोल्हापूरच्या गादीचे चौथे शिवाजी महाराज 1883 साली इंग्रजांच्या नजरकैदेत अहमदनगरला मरण पावले आणि पुढच्याच वर्षी, 17 मार्च 1884 रोजी, आनंदीबाई राणीसाहेबांनी यशवंतरावांना दत्तक घेतले. राजकोटचे राजकुमार कॉलेज, मग धारवाडला फ्रेजरसाहेबांच्या हाताखाली शिक्षण, देशभर प्रवास, बडोद्याच्या खानविलकरांच्या लक्ष्मीबाईंशी विवाह, हे सारे क्रमाने झाले. 2 एप्रिल 1894 रोजी त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. हिशोब केला तर त्या दिवशी त्यांचे वय एकोणीस होते. म्हणजे माझ्याएवढेच! आपण या वयात ट्युटोरियल वेळेवर देत नाही.

सूत्रे हाती घेतली तेव्हा दरबाराची स्थिती काय होती? सर्वसाधारण प्रशासनातील 71 जागांपैकी 60 जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. कारकुनांच्या 500 जागांपैकी ब्राह्मणेतरांकडे अवघ्या 10. राज्यातील बहुसंख्य प्रजा शेतकरी, कारागीर आणि गावकुसाबाहेरची. पण त्यांचा अर्ज वाचणारा, त्यावर शेरा मारणारा आणि निकाल देणारा माणूस त्यांच्यातला जवळजवळ कधीच नसे. या आकड्यांचा दोष एकट्या दरबाराचा होता असे मला वाटत नाही. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या अक्षर होते त्यांनी जागा भरल्या, आणि भरलेल्या जागांवरून आपल्याच माणसांना पुढे बोलावले. तळ्याचे पाणी उताराकडे धावते, त्याला कोणी ढकलावे लागत नाही.

महाराजांनी प्रथम सरळ मार्ग धरला होता. 1896 साली त्यांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह काढले. हेतू उत्तम होता. परंतु थोड्याच वर्षांत तेथे ब्राह्मण विद्यार्थीच उरले. दार सर्वांना उघडे होते, पण आत कसे जायचे ते ठाऊक असलेलेच आत गेले. ही घटना मला सगळ्या चरित्रात फार महत्त्वाची वाटते, आणि जयंतीच्या भाषणांत मात्र तिचा उल्लेख मी कधी ऐकलेला नाही. यानंतरच 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, 1906 साली मुसलमान विद्यार्थ्यांचे आणि 1908 साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार वसतिगृहांमुळे जाती घट्ट होतात ही टीका तेव्हाही झाली आणि ती अगदीच खोटी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु एकत्र वसतिगृहाचा प्रयोग फसल्याचे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. शिवाय कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापुरात असताना जैन बोर्डिंगातच राहत होते, आणि पुढे त्यांनीच सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवले, हेही विसरून चालणार नाही.

मध्यंतरी वेदोक्ताचे प्रकरण उद्भवले. 1899 साली कार्तिकात पंचगंगेवर स्नानाच्या वेळी राजघराण्याचा पुरोहित वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त मंत्र म्हणत आहे, ही गोष्ट बरोबर असलेल्या राजारामशास्त्री भागवतांनी लक्षात आणून दिली. शूद्राला वेदोक्ताचा अधिकार नाही, मग तो छत्रपती का असेना, अशी पुरोहिताची भूमिका. राजोपाध्यांनी शेवटपर्यंत ऐकले नाही आणि त्यांचे वतन जप्त झाले. लोकमान्य टिळकांसारखा थोर पुढारी या वादात सनातन बाजूस उभा राहिला, हे वाचताना वाईट वाटते. पुष्कळांचे म्हणणे असे की राखीव जागांचा हुकूम हा याच अपमानाचा सूड होता. मला हे अर्धेच पटते. अपमान झोंबला असणारच. राजाला जर असे ऐकावे लागते तर रयतेची काय कथा, हा विचार त्यातूनच आला असेल. पण 1894चे आकडे आणि 1896चे वसतिगृह ही दोन्ही वेदोक्तापूर्वीची आहेत.

1902 साली महाराज सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले होते. केंब्रिज विद्यापीठाने त्यांना एल्‌एल.डी. ही सन्मानाची पदवी दिली ती याच प्रवासात. आणि ते परदेशात असतानाच 26 जुलै 1902 रोजी करवीर सरकारच्या गॅझेटात तो जाहीरनामा प्रसिद्ध झाला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान पन्नास टक्के मागासलेल्या वर्गांतून भरल्या जाव्यात. मागासलेले म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून सर्व. ज्या कचेरीत हे प्रमाण आज कमी आहे तेथे पुढची नेमणूक याच वर्गांतून व्हावी. आणि प्रत्येक खातेप्रमुखाने नेमणुकांची माहिती दर तिमाहीस सादर करावी. हे शेवटचे कलम मला सर्वांत आवडले. हुकूम काढणारे पुष्कळ असतात, पण तीन महिन्यांनी कागद मागणारा राजा विरळा. परिणाम हळूहळू दिसला. 1912 साली 95 जागांपैकी ब्राह्मण अधिकाऱ्यांकडे 35 राहिल्या. कोणाची असलेली नोकरी काढून घेतली नव्हती. रिकाम्या जागांपुरताच हुकूम होता.

येथे एक विरोधाभास नोंदवावासा वाटतो. महाराजांच्या जाहीरनाम्यात पन्नास टक्के हा तळ होता, त्याहून कमी चालणार नाही असा. मंडल प्रकरणात 1992 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलेले पन्नास टक्के हे छत आहे. आकडा तोच, अर्थ उलटा. त्या पहिल्या यादीत मराठा समाज होता. त्याच समाजासाठी 2018 साली केलेला कायदा 2021 साली न्यायालयात टिकला नाही आणि 2024 साली पुन्हा नवा कायदा करावा लागला.

सांगली संस्थानचे वकील गणपतराव अभ्यंकर यांनी गुणवत्तेचा प्रश्न काढला तेव्हा महाराजांनी त्यांना घोड्यांच्या पागेत नेल्याची गोष्ट सर्वांनी ऐकली आहे. तोबऱ्यातले हरभरे जाजमावर ओतायला लावले. धष्टपुष्ट घोडे पुढे घुसले, अशक्त आणि शिंगरे मागे उभी राहिली. गोष्ट छान आहे. पण त्या अशक्त घोड्यांतही सगळ्यात मागचे कोण, हा प्रश्न तिच्यात सुटत नाही. 1902च्या जाहीरनाम्याने ब्राह्मणेतरांचा एकच मोठा गट केला होता. ज्याला शाळेच्या ओट्यावरही बसू देत नाहीत, त्याला कारकुनाची जागा राखून काय मिळणार? ही उणीव महाराजांना जाणवली असली पाहिजे, कारण त्यांचे पुढचे सारे हुकूम तिच्याकडेच वळलेले दिसतात. 1917 साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड. 1918 साली कुलकर्णी वतने रद्द झाली, महार वतनाच्या जाचातून सुटका झाली. 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळांत बसवण्याचा हुकूम निघाला. 1920 साली वेठ बंद झाली. अस्पृश्यांना वकिलीच्या सनदाही त्यांनी दिल्या.

हुकुमाने सारे होत नाही हेही ते जाणून होते. गंगाराम कांबळे हे त्यांच्या पागेतील नोकर. सवर्णांच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामांना चहाचे दुकान काढायला लावले आणि जाता-येता स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले. बरोबरच्या मंडळींनाही मग तो प्यावाच लागे! मला तर पन्नास टक्क्यांइतकाच हा चहाही मोठा वाटतो.

माझ्या आत्याचे गाव माणगाव. 21 आणि 22 मार्च 1920 रोजी तेथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते अठ्ठावीस वर्षांचे डॉ. आंबेडकर; त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केले होते आणि महाराजांनी त्यास अडीच हजार रुपये दिले होते. महाराज स्वतः परिषदेस आले. तुम्हांला तुमचा पुढारी मिळाला आहे, अशा आशयाचे ते तेथे बोलले. एका राजाने प्रजेला आपल्याकडे न पाहता दुसऱ्याकडे पाहायला सांगावे, ही गोष्ट मला त्यांच्या कुठल्याही हुकुमापेक्षा अवघड वाटते.

महाराजांत उणिवा नव्हत्या असे नाही. इंग्रज सरकारशी ते फार सांभाळून वागत, आणि क्षत्रियत्वाचा मान मिळवण्यासाठी त्यांनी खर्चलेली शक्ती पाहून आज थोडे नवलही वाटते. 6 मे 1922 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अठ्ठेचाळीसही पूर्ण नव्हते. कोल्हापुरात त्यांचे पुतळे आणि स्मारके पुढे पुष्कळ झाली. पण नर्सरी बागेतील एक अगदी सुरुवातीचे स्मारक अस्पृश्य समाजाने उभारले, आणि त्यासाठी खटपट करणाऱ्यांत चहावाले गंगाराम कांबळे पुढे होते.