मलिक अंबर : बारगिरांचे अर्थकारण

मलिक अंबराचे नाव निघाले की गनिमी काव्याची चर्चा सुरू होते आणि त्या काव्याचा खर्च कोण भागवीत होते, हा प्रश्न बाजूला राहतो. काष्टीसारख्या, जनावरांच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात राहणाऱ्यास तरी हा प्रश्न सुचावयास हवा. घोडा दाणा-वैरण खातो, आणि ती शेतातूनच यावी लागते.

1548 च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दक्षिणेत आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी पडला. हा चंगीझखानही मूळचा हबशी गुलामच. गुलामांतून सैनिक घडविण्याची प्रथा इस्लामी जगतात जुनी होती. नवव्या शतकात अब्बासी खलिफा मुतासिमाने तुर्की गुलामांची फौज उभारली. इजिप्तमध्ये तर असे ममलूक 1250 पासून 1517 पर्यंत स्वतःच सुलतान होते. परक्या मुलाला नातेगोते नसते, म्हणून तो धन्याशीच एकनिष्ठ राहतो, हा त्यामागील हिशेब होता.

अंबराचे वेगळेपण येथेच आहे. चंगीझखानाच्या मृत्यूनंतर तो स्वतंत्र झाला, काही काळ विजापूरकडे राहून परतला. 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा त्याने परांड्यास दुसरा मुर्तजा निजामशहा गादीवर बसवून राज्य चालू ठेवले. मूठभर हबशांच्या बळावर अकबर-जहांगीर यांच्याशी झुंजता येत नाही, हे त्याने ओळखले. 1610 च्या सुमारास त्याच्या फौजेत सुमारे 10,000 हबशी, तर 40,000 दक्षिणी असल्याची नोंद आहे. त्या दक्षिण्यांत मराठे मोठ्या संख्येने होते. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. अवजड तोफा नाहीत, बाजारबुणगे नाहीत. मोगलांची छावणी म्हणजे चालते शहर. तिचे धान्य दुरून यावयाचे. अंबर ती वाट तोडी, आणि लढाईवाचूनच छावणीत महागाई माजे.

परंतु बारगीरही पगार मागतो. अंबराने महसुलाचा इजारा बंद केला, जमिनीची प्रत व प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरविला आणि पाटील-देशमुखांना वसुलीत जबाबदार धरले. मक्तेदार रयतेला पिळतो आणि सरकारलाही बुडवितो, हे त्याने जाणले होते. माझ्या मते त्याच्या लष्करी यशाचे अर्धे रहस्य या दफ्तरात आहे. खडकी, म्हणजेच आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे त्याने वसविलेले शहर व त्याला पाणी पुरविणारी नहर हीदेखील त्याच हिशेबी बुद्धीची साक्ष.

त्याला अपयश आलेच नाही असे नाही. 1616 मध्ये मोगलांनी त्याचा पराभव करून खडकी उद्ध्वस्त केली; पुढच्याच वर्षी शाहजादा खुर्रमपुढे त्याला तह पत्करावा लागला. लखुजी जाधवांसारखे मातब्बर सरदार मोगलांकडे गेले. ज्यांच्या बळावर राज्य उभे राहिले, त्यांना तो कायमचे बांधून ठेवू शकला नाही. वतनावर जगणारा सरदार पगारावर जगणाऱ्या गुलामासारखा नसतो.

तरीही 1624 मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेची धूळधाण केली. तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या तळाचा चिखल केला, वाटा अडविल्या, रात्री छापे घातले. विजापूरचा सेनापती मुल्ला महंमद लारी मारला गेला. या रणात शहाजीराजे लढले, आणि त्यांचे बंधू शरीफजी येथेच पडले.

1626 मध्ये अंबर वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. मुलगा फतेहखान याने 1633 मध्ये दौलताबाद मोगलांच्या स्वाधीन केले. पेमगिरीवर एका लहान मुलाला निजामशहा म्हणून बसवून तीन वर्षे ती शाही जिवंत ठेवण्याचा खटाटोप मग शहाजीराजांनी केला, तोही अंबराच्याच रीतीने.