ऑर्गनपाशी टाळ

ऑर्गन म्हटले की मराठी रसिकाला संगीत नाटक आठवते. तो पायाने भाता चालवायचा छोटा ऑर्गन. जुन्या चर्चमधला ऑर्गन वेगळा. त्यात भात्याचा वारा शेकडो नळ्यांतून खेळतो, वादकाच्या हातांखाली पट्ट्या असतात तशा पायांखालीही असतात. मुंबईत १७१८ साली उपासनेसाठी खुल्या झालेल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये असा ऑर्गन आहे. उंच छत, दगडी भिंती आणि त्यांत रेंगाळणारा सूर. वास्तू आणि वाद्य जणू एकमेकांसाठीच घडवलेले!

पण ओवी-अभंगावर पोसलेला मराठी माणूस ख्रिस्ती झाला, तर त्याने देवापुढे कोणत्या सुरात गावे? या प्रश्नापायी ज्याने आयुष्य वेचले, तो कवी आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचा. नारायण वामन टिळक, जन्म १८६१, गाव दापोली तालुक्यातले करजगाव. फुला-मुलांचे कवी म्हणून आपण त्यांना पाठ्यपुस्तकात भेटतो आणि तिथेच सोडून देतो.

आईच्या मृत्यूनंतर हा मुलगा घर सोडून नाशिकला गेला, गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. १८८० साली लक्ष्मीबाईंशी लग्न झाले. पुढे बिऱ्हाड कुठे स्थिर असे झालेच नाही. आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने हाती बायबल ठेवले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नातलग तुटले, समाज तुटला. पत्नी आणि लहानगा दत्तू काही वर्षे दूर राहिले. लक्ष्मीबाईंनी ते सारे 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवले आहे. हसत-रडतच वाचावे असे. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या कामात रमले. मिशनऱ्यांनी आणलेली गीते भाषांतरित, चाली परक्या. मराठीतल्या ऱ्हस्व-दीर्घाला त्या चालींत जागा नसे. शब्द ओढूनताणून बसवावे लागत. शिवाय ऑर्गनचे सूर ठाम, पायऱ्यांसारखे. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा आपला गळा त्यात अवघडतो. मला वाटते, टिळकांची नड केवळ संगीताची नव्हती. धर्म बदलला म्हणून तुकोबा परके व्हावेत, हे त्यांना मान्य नव्हते. ख्रिस्तापर्यंत आपण तुकारामाच्याच वाटेने पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती.

ख्रिस्ती कीर्तनाची वाट नगरला कृष्णराव सांगळे यांनी आधीच पाडली होती. टिळकांनी तिचा रस्ता केला. शेकडो भजने रचली. त्यांच्या 'अभंगांजली'तला ख्रिस्त कधी गुरू होतो, कधी चक्क आई. टाळ-मृदंगाचा नाद मंदिरात आला की कुणाच्या कपाळाला आठी पडणारच! ज्या हिंदूपणापासून लोकांना दूर नेले, तेच मागल्या दाराने परत येते की काय, ही शंका अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. टाळाबरोबर वारकऱ्यांची सगळी भावसृष्टीही येते. टिळकांना ती हवीच होती, हा खरा मुद्दा.

१९१२ पासून 'ज्ञानोदय'ची मराठी बाजू त्यांच्याकडे होती. नगरच्या त्यांच्या घरात बालकवीही राहिले. पण पगारी सेवक म्हणून आपण आपल्याच लोकांपासून दुरावतो, ही टोचणी जाईना. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले-न घेतलेले सारे ख्रिस्तभक्त तिथे एकत्र यावेत, अशी कल्पना. उतारवयात, संसार पाठीशी असताना, बांधलेला पगार सोडायचा म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. दरबार भरायला त्यांना वेळच मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते वारले.

'ख्रिस्तायन' हे महाकाव्य सुरुवातीच्या अध्यायांपाशीच थांबले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे बहुतेक सगळे अध्याय लिहिले. आणि मराठी चर्चमध्ये टिळकांची भजने आजही म्हटली जातात, पेटीवर, तबल्यावर.