रहस्यकथा लिहिणारी ली

मैत्रिणींनो, खासगी गुप्तहेर, खून, पिस्तुलं हा काही बायकांच्या लेखणीचा विषय नाही, असं कुणी म्हटलं की मी ली ब्रॅकेटची गोष्ट सांगते.

ली १९१५ साली लॉस एंजेलिसला जन्मली. लहानपणीच वडील वारले. १९४० पासून स्वस्त कागदाच्या मासिकांत तिच्या कथा येऊ लागल्या. १९४४ मध्ये तिची डिटेक्टिव्ह कादंबरी निघाली. ती वाचून हॉलिवूडचे दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांनी ‘द बिग स्लीप’ची पटकथा लिहायला तिला बोलावलं. ‘ली’ म्हणजे पुरुषच, अशी त्यांची समजूत. समोर आली तरुण मुलगी! पण काम तिलाच मिळालं. हातातली अर्धी कथा तिनं मित्र रे ब्रॅडबरीकडे सोपवली आणि विल्यम फॉकनरसारख्या नामवंताबरोबर पटकथा लिहिली. चित्रपट १९४६ साली आला. त्याच वर्षअखेर लग्न झालं, पण लेखणी थांबली नाही. १९५९चा ‘रिओ ब्राव्हो’ही तिनं सहलेखकाबरोबर लिहिला. १९७८ मध्ये ती गेली.

दार नावामुळे उघडलं असेल, टिकली मात्र कामामुळे. आपल्यातल्या कितीजणी कथा लिहून वही गादीखाली ठेवतात! ती बाहेर काढा, आणि वर स्वतःचं पूर्ण नाव घाला.