मान घेतला, मिंधेपणा नाही

कॉलेजात येणारा आमच्या घरातला मी पहिलाच. शाळेतल्या कंपासपेटीच्या बक्षिसाचंही आम्हांला अप्रूप! म्हणूनच पु. ल. देशपांडे यांच्या सन्मानांचा मी हिशेब मांडून पाहिला.

८ नोव्हेंबर १९१९ ला मुंबईत त्यांचा जन्म झाला. आमच्या खारदांड्याहून जवळच असलेल्या पार्ल्यात, टिळक विद्यालयात ते शिकले. लेखक, नट, गायक, पेटीवादक अशी त्यांची अनेक रूपं. दिल्लीत दूरदर्शनच्या आरंभीच्या काळात ते निर्माते होते; पंडित नेहरूंची मुलाखतही त्यांनी घेतली. १९६५ साली 'व्यक्ती आणि वल्ली'ला साहित्य अकादमी पुरस्कार, १९६६ साली पद्मश्री, १९७४ साली इचलकरंजीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, १९९० साली पद्मभूषण. सरकारदरबारी एवढा मान मिळालेला माणूस सहसा गप्प बसतो. पु. ल. बसले नाहीत. आणीबाणीला विरोध करून १९७७ च्या निवडणुकीत ते प्रचारसभा गाजवत फिरले. १९९६ साली पहिला 'महाराष्ट्र भूषण' त्यांना मिळाला, तेव्हाही राज्यकर्त्यांच्या दांडगाईवर त्यांनी बोट ठेवलं. सत्ताधारी रागावले, पु. लं.नी शब्द मागे घेतला नाही.

१२ जून २००० ला पुण्यात ते गेले. माझ्या आईला यातला एकही पुरस्कार ठाऊक नाही. पण बोंबील साफ करताना मोबाइलवर त्यांची 'म्हैस' लागली, की तिचा कोयता थांबतो आणि ती पोट धरून हसते. मित्रहो, उद्या आपल्यालाही कुणी शाल पांघरील. ती जरूर घ्यावी. तिच्याखाली तोंड मात्र झाकू नये.