मापाची वाटी आणि कमलाबाई ओगले

गेल्या खरिपात कंधार तालुक्यातल्या एका गावी बीजप्रक्रियेची बैठक घेतली. रायझोबियमचं 250 ग्रॅमचं पाकीट 10 किलो बियाण्याला पुरतं, असं नेहमीप्रमाणे सांगितलं. मागं बसलेल्या एका मावशींची तूर होती दोनच किलो. मी म्हटलं, 50 ग्रॅम घ्या. त्यावर त्यांनी विचारलं, की ते ओळखायचं कसं? घरात काटा नाही. मी गप्पच झालो.

घरी फळीवर 'रुचिरा' दिसली आणि कमलाबाई ओगले आठवल्या. या बाईंनी हीच अडचण स्वयंपाकघरात सोडवली होती.

कमलाबाईंचा जन्म 1913 सालचा, सांगली जिल्ह्यातल्या कुंडलचा. शाळा चौथीपर्यंतच. लग्न होऊन ओगल्यांच्या घरी आल्या आणि स्वयंपाक शिकल्या तो सासूबाईंच्या हाताखाली. त्या काळी हे शिक्षण म्हणजे नजरेनं बघायचं आणि अंदाजानं घालायचं. सासू जवळ असेपर्यंत ते ठीक. पण पुढं मुली नोकरीला लागल्या, शहरात दोन खोल्यांत संसार थाटले. तिथं विचारायचं कोणाला?

1970 साली 'रुचिरा' आली तेव्हा कमलाबाईंची पन्नाशी उलटून गेली होती. पाककृतीची पुस्तकं मराठीत त्याआधीही होती. पण कमलाबाईंनी माप धरलं ते वाटीचं आणि चमच्याचं, म्हणजे प्रत्येक घरात आधीच असलेलं. लाखावर प्रती खपल्या. लग्नात मुलीला भांड्यांबरोबर 'रुचिरा' द्यायची पद्धतच पडली. 1999 साली त्या गेल्या. पुस्तक अजून छापलं जातं.

आमच्या खात्याची घडीपत्रिका बघा, सगळीकडं ग्रॅम, लिटर नि हेक्टर. चौथी शिकलेल्या बाईंना जे सुचलं ते आम्हा पदविकावाल्यांना सुचू नये, याची मला लाज वाटली. पुढच्या फेरीत मावशींना सांगितलं, पाकीट कागदावर ओता, पाच सारखे ढीग करा, एक ढीग दोन किलोला. झालं काम. (घरातला चमचा मात्र औषधाला वापरू नका.)

पण आपल्याकडचं येसर, हुलग्याचं माडगं, तुरीच्या पाटात लावलेल्या अंबाडीची कण्या घालून केलेली भाजी, हे अजून म्हाताऱ्यांच्या मुठीतच आहे. परवा आई अंबाडी करायला बसली तेव्हा मी वाटी घेऊन शेजारी बसलो. तिनं मूठ उचलली की ती वाटीत रिती करायला लावायची. कण्या पाऊण वाटी भरल्या, शेंगदाणे अर्धी. लसणाच्या पाकळ्या मोजून बारा. मिठाला मात्र तिनं वाटी लावू दिली नाही.