आनंदीबाई आणि अडलेली बाळंतीण

खास प्रतिनिधी, भिवंडी

भिवंडीहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की कल्याण लागते. तेथील जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली यमुना नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी विवाहबद्ध होऊन आनंदी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. योग्य उपचारांअभावी तो दहा दिवसांत दगावला. डॉक्टर होण्याच्या तिच्या निर्धारामागे हे दुःख होते.

कोवळ्या वयात कटिभागाची वाढ अपुरी असते. त्यामुळे बाळाचे डोके अडते. पहिलटकरणीचे गर्भाशय अशा वेळी बहुधा थकून मंदावते. पुढच्या बाळंतपणांत मात्र कळा थांबत नाहीत. गर्भाशयाचा खालचा भाग ताणून पातळ होतो आणि अखेर फाटतो. रक्तस्रावाने आई व बाळ दोघांचेही प्राण धोक्यात येतात. त्या काळी अशा स्त्रीला वेळेवर शस्त्रक्रिया मिळणे जवळजवळ अशक्यच होते.

एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कोलकात्याहून पतीविना अमेरिकेस निघाल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-कक्षाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूकही झाली. परंतु क्षयाने गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

आज सिझेरियनची सोय आहे. मात्र त्याच शस्त्रक्रियेचा जुना व्रण पुढील प्रसूतीत उकलणे हे गर्भाशय फाटण्याचे प्रमुख कारण ठरले आहे. कळा वाढविणाऱ्या औषधांचा देखरेखीविना वापर हे दुसरे कारण. अचानक असह्य वेदना, कळा एकाएकी थांबणे, रक्तस्राव, बाळाचे ठोके मंदावणे ही धोक्याची लक्षणे होत.

प्रतिबंध अवघड नाही. मुलीचे लग्न व बाळंतपण लवकर नको, दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर हवे आणि गरोदरपणी नियमित तपासणी हवी. पूर्वी सिझेरियन झालेल्या स्त्रीची प्रसूती शस्त्रक्रियेची व रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावी. माहेरी जाताना मागच्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे सोबत न्यावीत आणि कळांचे इंजेक्शन घरी घेऊ नये. आनंदीबाईंना रुग्णसेवेसाठी आयुष्य पुरले नाही. ज्या अज्ञानाशी त्यांचा झगडा होता, ते घालविणे मात्र आज प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे.