होळकरांची ड्यूसेनबर्ग: इंजिन अमेरिकेचं, बॉडी लंडनची, आडनाव बारामतीचं

बारामती तालुक्यात नीरा नदीकाठी होळ नावाचं गाव आहे. सुभेदार मल्हारराव होळकर मूळचे या होळचे, म्हणून घराण्याचं आडनाव होळकर. त्याच घराण्यातले इंदूरचे शेवटचे सत्ताधारी महाराज म्हणजे यशवंतराव होळकर दुसरे. आज जगभरातले कार कलेक्टर त्यांचं नाव घेतात ते एका गाडीमुळे, आणि ही गाडी टेक्नॉलॉजी म्हणूनही भारी आहे.

यशवंतरावांचा जन्म 1908 चा. शिक्षण इंग्लंडमध्ये, शेवटी ऑक्सफर्ड. 1925 मध्ये मुंबईत मलबार हिलवर बावला खून प्रकरण घडलं, त्याचे धागे इंदूर दरबारापर्यंत गेले आणि वडील तुकोजीरावांना 1926 मध्ये गादी सोडावी लागली. सतरा वर्षांचा मुलगा महाराज झाला, पण कारभाराचे पूर्ण अधिकार मिळायला 1930 उजाडलं.

पत्नी संयोगिताराजे कागलच्या घराण्यातल्या. दोघांनाही त्या काळात जे सगळ्यात नवं होतं त्याची ओढ होती. ऑक्सफर्डमध्ये ओळख झालेल्या एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन आर्किटेक्टकडून त्यांनी इंदूरला माणिकबाग पॅलेस घडवून घेतला. धातू, काच, साध्या सरळ रेषा आणि 1930 च्या दशकात एअर कंडिशनिंग! बाकी संस्थानिक झुंबरं लावत होते तेव्हाची ही गोष्ट.

गाडीही त्याच डोक्याने घेतली. तेव्हा महागडी गाडी शोरूममधून तयार मिळत नसे. कंपनी फक्त चॅसिस, इंजिन आणि चाकं द्यायची; बॉडी कोचबिल्डरकडून वेगळी बनवून घ्यायची. आज कोणी गेमिंग पीसीचे पार्ट निवडून असेंबल करतो, साधारण तसंच. यशवंतरावांनी चॅसिस निवडला अमेरिकेच्या ड्यूसेनबर्गचा, मॉडेल एसजे. त्यावर लंडनच्या गर्नी नटिंगने लांबलचक बोनेटची, उघड्या टपाची, फक्त दोन सीटची स्पीडस्टर बॉडी चढवली. रंग केशरी आणि काळा. पुढे रंगीत दिवे, सोबत सायरन. (आपल्याकडे उसाच्या ट्रॅक्टरवर भलेमोठे स्पीकर लावतात, त्या हौसेचं राजेशाही व्हर्जन म्हणा.)

आता हुड उघडू. एका रांगेत 8 सिलिंडर, जवळपास 6.9 लिटर, दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला 4 व्हॉल्व्ह. आजही छोट्या गाड्यांच्या जाहिरातीत 'डीओएचसी, 16 व्हॉल्व्ह' असं लिहून येतं. हे इंजिन 1928 मध्ये जगासमोर आलं होतं. साध्या मॉडेल जे ची ताकद कंपनी 265 हॉर्सपॉवर सांगायची, सुपरचार्जरवाल्या एसजेची 320. सुपरचार्जर म्हणजे इंजिनच्याच ताकदीवर फिरणारा पंखा. तो सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो. हवा जास्त, म्हणून इंधनही जास्त जाळता येतं. टर्बोचं काम तेच, फक्त तो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूंवर फिरतो.

मला इंजिनियर म्हणून सगळ्यात आवडतो तो डॅशबोर्ड. ऑइल बदलायची वेळ झाली की दिवा लागायचा, बॅटरीचं पाणी तपासायचं असलं की दुसरा दिवा. चिप नाही, सेन्सर नाही, कोडची एक ओळ नाही. इंजिनला जोडलेली गियरची एक पेटी मैल मोजायची आणि ठरलेल्या आकड्यावर दिवा लावायची. सर्व्हिस रिमाइंडरचं नोटिफिकेशन, निव्वळ दातेरी चाकांवर!

मॉडेल जे सगळ्या मिळून 500 सुद्धा बनल्या नाहीत. 1937 मध्ये कंपनीच बंद पडली. त्याच वर्षी संयोगिताराजेही गेल्या, स्वित्झर्लंडमध्ये, ऐन तारुण्यात. मग माणिकबागची ती धुंदी ओसरली. यशवंतरावांनी पुढे दोन लग्नं केली, दोन्ही अमेरिकन बायकांशी. सी. के. नायडूंना इंदूरला आणून होळकर संघ उभा केला, त्याने चार वेळा रणजी जिंकली. 1948 मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं आणि महाराज उपराजप्रमुख झाले. 1961 मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. माणिकबागेतलं फर्निचर 1980 मध्ये मोनॅकोत लिलावात गेलं, पॅलेसमध्ये सरकारी कर खात्याचं ऑफिस आलं. ड्यूसेनबर्गही अमेरिकेत परत गेली.

कलेक्टर अशा गाडीत नेमकं काय विकत घेतात? 2018 मध्ये अभिनेता गॅरी कूपरची ड्यूसेनबर्ग 2.2 कोटी डॉलरला गेली. पत्रा, क्रोम, चामडं आज नवीन करता येतं, कुशल कारागीर हुबेहूब कॉपी बनवतात. कॉपी करता येत नाही ती गाडीची ओळख: चॅसिसवरचा नंबर, त्याच्याशी जुळणारं मूळ इंजिन, मूळ बॉडी आणि पहिल्या मालकापासून आजपर्यंतची कागदांची साखळी. फोनचा आयएमईआय बिलाशी जुळला नाही तर सेकंडहँड घेणारा मागे सरकतो ना, तसंच. होळकरांच्या गाडीत ही साखळी एका राजाच्या आवडीपर्यंत जाते, म्हणून तिचं इतकं कौतुक. माझ्या मते रिस्टोरेशनमध्ये नवा चकचकीत रंग हा सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे.

आपल्या सरकारचा नियमही ओरिजिनल गाडीच्याच बाजूने आहे. 2021 पासून पहिल्या रजिस्ट्रेशनला 50 वर्षांपेक्षा जास्त झालेल्या बिगर-व्यावसायिक दुचाकी आणि चारचाकींना 'व्हीए' सिरीजचा वेगळा नंबर मिळतो. नव्या रजिस्ट्रेशनची फी 20,000 रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे बदल चालत नाहीत. म्हणजे बारामती-इंदापूरकडच्या एखाद्या गोठ्यात आजोबांची जुनी जावा किंवा जीप पडून असेल, तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी इंजिन आणि चॅसिस नंबरचे फोटो काढा आणि जुनं आरसी बुक शोधा.